थारच्या स्टील बंपरमागे रिव्हर्स कॅमेऱ्याचं ब्रॅकेट: मापापासून वायरिंगपर्यंत

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या माहेरी, दिंडोरी तालुक्यात, द्राक्षांची काढणी चालू होती. दादाने क्रेट भरायला थार पॅकिंग शेडकडे मागे घेतली आणि चाकाखाली काहीतरी कडकडलं. भाच्याची सायकल होती. भाचा दोनच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला घरात गेला होता, म्हणून फक्त सायकल गेली. वहिनी त्या दिवशी जेवली नाही.

गाडीत बसून मागे पाहिलं की लक्षात येतं, थारची स्टेपनी मागच्या दारावर आहे आणि काचेचा खालचा निम्मा भाग तीच खाते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे दादाच्या गाडीलाही ते होते. पण कंपनीचा बंपर काढून स्टीलचा बसवताना ज्याने काम केलं त्याने सेन्सर काढले, वायरी गुंडाळून आत बांधल्या आणि गाडी हातात दिली. दादालाही ते माहीत नव्हतं.

मी सातपूरच्या सरकारी आयटीआयची शीट मेटलवाली. अंबडला आमची छोटी फॅब्रिकेशनची शेड आहे, वडिलांनी उभी केलेली, आता मी चालवते. त्या आठवड्यात दादाला म्हटलं, गाडी माझ्याकडे पाठव. खाली आहे ते तिथे केलेलं काम. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही सांगते.

आधी चुकलं ते

पहिलं ब्रॅकेट मी लोखंडी पट्टीचं केलं. ३ मिमीची एमएस पट्टी, एक एल बेंड, वर काळा स्प्रे. कॅमेरा बंपरवर बाहेरून बसवला आणि कोन एकाच बोल्टने आवळला. पावसाळ्यात दादा हरसूलकडे गेला तेव्हा दगडगोट्यांच्या रस्त्याने तो बोल्ट सैल झाला. घरी येईपर्यंत पडद्यावर नुसतं आभाळ दिसत होतं.

त्याहून वाईट गोष्ट ऑक्टोबर छाटणीनंतर झाली. डाउनी या बुरशीच्या रोगासाठी बागेत बोर्डो मारतात, आणि गाडी बागेच्या कडेलाच उभी असते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. बागायतदारांना ही गोष्ट नवीन नाही, की मिश्रण जमलं का पाहायला त्यात लोखंडी विळा बुडवतात. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. म्हणजे मोकळं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. माझ्या ब्रॅकेटवर नेमकं तेच झालं. कापलेल्या कडांवर रंग पातळ होता, तिथे आधी तांबूस डाग आले, मग पापुद्रे सुटले. म्हणून दुसरं ब्रॅकेट एसएस ३०४ चं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं केलं, १४ गेजचं, म्हणजे २ मिमी. ॲल्युमिनियमचा विचार करून सोडला. हलकं असतं खरं, पण तांब्याच्या फवाऱ्यात आणि लोखंडी बंपरला चिकटून ते टिकेल असा मला भरवसा नाही. तुमची गाडी शेतात जात नसेल तर पावडर कोटिंग केलेलं एमएस चालेल, फक्त कोटिंग सगळी भोकं पाडून झाल्यावर करा.

कॅमेरा निवडताना

दुकानात १७० अंशांचा कॅमेरा पुढे करतात. स्टीलच्या बंपरसाठी मी तो घेत नाही. एवढ्या रुंद नजरेच्या लेन्सला संरक्षण देताच येत नाही. कडेला १३ मिमीवर पत्र्याचा कान, म्हणजे ब्रॅकेटची बाजूची वळवलेली पट्टी असेल तर १७० अंशांच्या लेन्सपुढे तो कान जेमतेम १ मिमी येऊ शकतो, नाहीतर पडद्यावर काळी भिंत दिसते. १२० अंशांच्या लेन्सला तोच कान ७ मिमी पुढे चालतो. शिवाय १७० अंशांत दोन मीटरवरचं पोर बाहुलीएवढं दिसतं. १२० अंश आडवे आणि साधारण ९० अंश उभे, एवढं पुरतं.

पाण्याचं रेटिंग नीट वाचा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६९के म्हणजे जवळून मारलेली जोरदार गरम पाण्याची धार. दोन्ही वेगळ्या परीक्षा आहेत, एक पास म्हणजे दुसरी पास असं नाही. नवीन थारला कंपनी ६५० मिमी पाण्यातून जाण्याची क्षमता देते. आमचा कॅमेरा जमिनीपासून ६३ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे ओढ्यात गाडी पूर्ण क्षमतेने घातली तर कॅमेरा पाण्याखाली जाणारच. म्हणून आयपी ६७ हवंच, आणि वॉशिंग सेंटरला धार मारून घेत असाल तर ६९के असलेला मिळाला तर उत्तम.

आणखी एक. कॅमेरा एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या सिग्नलचा असेल तर प्लेअरही, म्हणजे डॅशबोर्डवरचा पडदाही, एएचडी घेणारा हवा. जुना प्लेअर साधा सीव्हीबीएस सिग्नल घेतो, त्याला एएचडी कॅमेरा जोडला तर पडदा काळा राहतो किंवा चित्र फिरत राहतं. विकत घेण्याआधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये पाहून घ्या.

जागा ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी अख्खी सकाळ दिली.

कॅमेऱ्याला बाहेर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू केलं, चित्राची पिवळी पिन प्लेअरला जोडली आणि कॅमेरा शाडूच्या मातीच्या गोळ्यात खुपसून बंपरवर चिकटवला. शाडू बोटाने हवा तसा वळतो, ढळत नाही, रंगाला ओरखडा पाडत नाही. गणपतीतला उरलेला असला तर विकत घ्यायचीही गरज नाही. मग एकाला गाडीत बसवलं आणि मी मागे जमिनीवर खडूने रेघा मारल्या: २० सेंटिमीटर, ५० सेंटिमीटर, १ मीटर, २ मीटर.

मला २० सेंटिमीटरपासून पुढची जमीन दिसायला हवी होती. गणित सोपं आहे. उंची ६३, अंतर २०. ६३ भागिले २० म्हणजे ३.१५, हा टॅन ज्या कोनाचा तो ७२ अंश. म्हणजे सर्वांत खालची नजर आडव्या रेषेपासून ७२ अंश खाली जायला हवी. लेन्सची उभी नजर ९०, तिची अर्धी ४५. ७२ वजा ४५, म्हणजे कॅमेरा २७ अंश खाली झुकवायचा. वरची कड मग आडव्या रेषेच्या १८ अंश वर राहते, आणि तीन मीटरवर साधारण दीड मीटर उंचीपर्यंतचं दिसतं. लहान मूल, वासरू, क्रेटची थप्पी, सगळं त्यात येतं. पडद्याच्या तळाला बंपरची बारीक कड दिसू द्या. ती कड दिसली की अंतराचा अंदाज डोळ्याला आपोआप येतो.

जागा बंपरच्या मध्याजवळ घ्या, पण टो हुकच्या पाट्यापासून आणि चॅसीच्या बोल्टांपासून किमान ४० मिमी लांब. तिथल्या पत्र्यावर ओढण्याचा ताण येतो, तिथे खिडकी पाडू नका. बंपरच्या खालच्या कडेला तर मुळीच नको. थारचा मागचा डिपार्चर अँगल, म्हणजे मागचा बंपर न टेकता गाडी उतरू शकेल असा सर्वांत मोठा कोन, ३६.८ अंश आहे आणि चढावरून उतरताना सर्वांत आधी घासते ती हीच कड. स्टेपनीसकट दार पूर्ण उघडून पाहा, आणि नंबर प्लेटचा एकही अंक झाकला जाणार नाही हे पाहा.

बंपरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. स्टीलचा बंपर घेण्याआधी आरटीओत विचारा. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं: ब्रॅकेट पूर्ण आत ठेवलं, बाहेर टोकदार काहीच नाही. रस्त्यावरच्या माणसाच्या गुडघ्याला लागेल असं काम मी करत नाही.

ब्रॅकेटची रचना

कॅमेरा बंपरच्या पत्र्यामागे बसतो आणि पत्र्यात पाडलेल्या खिडकीतून पाहतो. दगड आला तर तो ४ मिमीच्या बंपरला लागतो, लेन्सला नाही. लेन्सचं टोक बाहेरच्या पृष्ठभागापासून ५ मिमी आत ठेवलं.

खिडकीचं माप पुष्कळ जण चौकोनी घेतात आणि तिथे फसतात. कॅमेरा खाली झुकलेला असतो, म्हणून खिडकी मध्याच्या खाली जास्त लागते. ५ मिमी आत असलेल्या लेन्सची ७२ अंशांची नजर खालच्या बाजूला १६ मिमी जागा घेते, वर लेन्सची त्रिज्या ८. झाले २४. मी २६ घेतले. वर १६ पुरले. म्हणून उंची ४२, रुंदी ४०. कोपऱ्यांना ६ मिमीची गोलाई द्या, काटकोनी कोपऱ्यापासूनच तडा सुटतो.

ब्रॅकेट दोन भागांचं. बाहेरचा भाग यू आकाराचा: ५० मिमी रुंद, ९० मिमी उंच पाट, त्यात बंपरसारखीच खिडकी, आणि दोन्ही बाजूंना आत वळलेले ४५ मिमी खोल कान. कान पाटाच्या पूर्ण उंचीचे नकोत, मधल्या ५० मिमीपुरतेच ठेवा, म्हणजे वर-खाली बोल्टला पाना लावायला जागा राहते. आतला भाग १.५ मिमीचा छोटा यू, बाहेरून ४४ मिमी रुंद, ज्यात कॅमेरा बसतो. दोन्हींच्या मध्ये प्रत्येक बाजूला १ मिमीचा नायलॉन वायसर.

पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. आमच्याकडे द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा ढिगाने असतो, तोच वापरला. पुठ्ठ्याचं ब्रॅकेट बंपरमागे धरून पाहिलं तेव्हा कळलं की आतली चॅसीची आडवी पाटी माझ्या अंदाजापेक्षा जवळ आहे. कान आधी ६० ठरवले होते, ते ४५ झाले. हे पत्र्यात कळलं असतं तर पत्रा वाया गेला असता.

बेंडचं गणित: बाहेरची मापं ५० अधिक ४५ अधिक ४५, बेरीज १४०. २ मिमी पत्रा, आतली गोलाई २ मिमी, तर दर बेंडला साडेतीन मिमी वजा. दोन बेंड, सात मिमी. सपाट पत्रा १३३ मिमी कापायचा. तुमच्या बेंडिंगवाल्याची डाय, म्हणजे साचा, वेगळी असेल तर वजावट बदलेल, आधी एक तुकडा वाकवून मोजा. लेझर कटिंगला द्यायचं असेल तर अंबड किंवा सातपूरला सुटा एक नग कुणी आनंदाने घेत नाही. चार नग एकदम सांगा. मित्रांमध्ये बाकीचे तीन जातात.

कापणं आणि भोकं

एसएस घाईने ड्रिल केलं की त्याची वरची पातळी कडक होते आणि मग ड्रिल नुसतं घासत बसतं. सेंटर पंच मारा, कोबाल्टचं ६.५ चं ड्रिल घ्या, फेरे मिनिटाला सहाशेच्या आत ठेवा, तेल सोडत राहा आणि दाब कमी करू नका. किस लांब वळ्या होऊन सुटत असेल तर बरोबर चाललंय. भुकटी पडायला लागली तर थांबा, ड्रिलला धार लावा.

कानांमध्ये एक ५.५ चं भोक कॅमेऱ्याच्या फिरण्याचं, आणि त्यापासून २२ मिमी त्रिज्येवर एक कमानी खाच, ५.५ रुंद. मध्यापासून १५ अंश वर आणि १५ अंश खाली फिरायला साधारण साडेअकरा मिमी लांबीची खाच पुरते, टोकाच्या एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली. लेझर नसेल तर तीन भोकं ओळीने पाडून मधला भाग गोल कानशीने काढा. मी दुसरं ब्रॅकेट असंच हाताने केलं, तासभर गेला.

बंपरची खिडकी: चार कोपऱ्यांना १२ मिमीची भोकं, मधला भाग ग्राइंडरच्या १ मिमी चाकाने. कोपऱ्यांची गोलाई त्या भोकांतून आपोआप मिळते. चष्मा घाला, मागच्या दिव्यांवर आणि काचेवर ओलं गोणपाट टाका. ग्राइंडरची ठिणगी काचेवर बसली की निघत नाही. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीची मायनस वायर आधी काढा. कापलेली कड कानशीने मोडा, झिंक प्रायमरचे दोन हात आणि वर रंग. ही कड उघडी राहिली तर पहिल्याच पावसात गंजाचा ओघळ लेन्सवर येतो.

बसवताना बंपर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये २ मिमीचा ईपीडीएम रबराचा तुकडा. थरथर कमी होते आणि एसएस थेट लोखंडाला लागत नाही. बोल्ट एम६ बटन हेड एसएस, चार, आतून नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट. एसएसचे नट-बोल्ट कोरडे आवळले तर आटे एकमेकांत चिकटतात, आधी थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा. ब्रॅकेटची खालची बाजू उघडीच ठेवा. बंद पेटी करायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण काळी माती आत शिरली की तिथेच वाळून विटेसारखी बसते. उघडं असलं की खालून पाण्याची एक धार मारली की सगळं खाली.

कोन ठरला की तिसरं भोक. कान आणि आतला यू दोन्हींतून आरपार ४.२ चं ड्रिल आणि एम४ बोल्ट. खाचेतला बोल्ट फक्त पकडीवर धरतो, हा अडवून धरतो. पहिल्या ब्रॅकेटला हा असता तर कॅमेरा आभाळाकडे वळला नसता. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला.

वायरिंग

कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्सच्या दिव्याच्या प्लसवर, १ अँपियरचा फ्यूज मध्ये टाकून. काळी वायर चॅसीला, रंग खरवडून, रिंग लग लावून. पिवळी पिन प्लेअरपर्यंत, आणि तिच्यासोबत येणारी बारीक वायर प्लेअरच्या रिव्हर्स इनपुटला, म्हणजे गिअर पडला की पडदा आपोआप बदलतो. जोडण्याआधी हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, इग्निशन चालू, रिव्हर्स टाका आणि मल्टिमीटरने साडेबाराच्या आसपास व्होल्ट येतात का पाहा. चित्र थरथरत असेल तर दिव्याला वीज अखंड येत नसून तुकड्यांत येत असण्याची शक्यता आहे. मग कॅमेरा रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर घ्या.

केबल चॅसीच्या आतल्या बाजूने न्या, सायलेन्सरच्या दुसऱ्या बाजूने, दर २० सेंटिमीटरला क्लिप. आत घ्यायला नवं भोक पाडू नका, आधीच असलेल्या रबरी ग्रोमेटमधून घ्या. कॅमेऱ्याचं अंग पाणी अडवतं, पण जोड अडवत नाही. बंद पडलेल्या कॅमेऱ्यांत मी बहुतेक वेळा जोडावरच हिरवं बुरशीसारखं पाहिलंय. जोडात डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं ग्रीस, वर गोंदवालं हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून. जोडाच्या आधी वायरीला खाली एक झोल द्या, पाणी त्या झोलावरून खाली गळतं, जोडात जात नाही.

बऱ्याच कॅमेऱ्यांना दोन छोटी वेटोळी असतात, बहुधा हिरवं आणि पांढरं. एक कापलं की चित्र आरशासारखं उलटतं किंवा सुलटतं, दुसरं कापलं की पडद्यावरच्या रेघा जातात. कोणतं कशाचं ते कागदावर पाहूनच कापा. आणि डावीकडे ठेवलेली वस्तू पडद्यावर डावीकडेच दिसते ना, हे गाडीबाहेर एकाला उभं करून नक्की तपासा.

सेन्सरही परत बसवले. स्टीलमध्ये सेन्सर सरळ ठोकला तर तो पत्र्याच्याच थरथरीला आवाज समजून उगाच वाजत राहतो. भोक दोन-तीन मिमी मोठं घेऊन रबरी रिंगमध्ये बसवा आणि मूळ बंपरवर होती तीच उंची ठेवा. कॅमेरा चिखलाने झाकला गेला तरी सेन्सर वाजतो, म्हणून दोन्ही हवेत.

तपासणीसाठी भाच्याला मागे उभं केलं नाही. त्याच्या उंचीएवढी बादल्यांची थप्पी केली आणि खडूच्या प्रत्येक रेघेवर एकदा डावीकडे, एकदा मध्ये, एकदा उजवीकडे ठेवली. ५० सेंटिमीटरच्या रेघेवर अगदी उजव्या टोकाला थप्पी पुरेशी दिसत नव्हती. एम४ चा बोल्ट घालण्याआधी कोन दोन अंश वर घेतला, मग आली. जवळची रेघ त्याने २० वरून २२ सेंटिमीटरला गेली, ते चाललं.

आता हे ब्रॅकेट दोन छाटण्या आणि एक पूर्ण पावसाळा बघून झालंय. दर महिन्याला दादा पिवळ्या रेघा बघतो, लेन्स ओल्या मऊ फडक्याने पुसतो, बोर्डोच्या फवारणीनंतर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुतो. मे महिन्याच्या शेवटी रबरी टेप सोडवून जोड उघडला, आत कोरडं होतं, नवी टेप गुंडाळली. मापांचा कागद शेडच्या भिंतीला लावून ठेवलाय. १३३ च्या आकड्याभोवती गोल केलाय.